त्या सकाळची हजेरी

लाउडस्पीकर लावलेली रिक्षा आमच्या गल्लीत शिरली तेव्हा हे ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होते आणि मी आत पोळ्या लाटत होते. गॅसगळतीच्या दिवशी बजाजनगरातल्या अमुक अमुक गल्ल्यांमध्ये जे हजर होते आणि ज्यांना आता श्वासाचा त्रास आहे, त्यांनी समाजमंदिरात येऊन नावं नोंदवावीत, नुकसानभरपाईसाठी समिती बसली आहे, असं रिक्षा सांगत होती. आम्ही पूर्वी भाड्यानं राहायचो ती गल्ली त्यात होती. मी हात पुसत बाहेर आले. ह्यांनी रेझर गालावरच थांबवला होता. रिक्षा कोपऱ्यावरून वळली, तशी उरलेली दाढी पुरी केली.

"ऐकलं ना?" मी विचारलं.

"ऐकलं. आपल्याला काय करायचंय त्याचं?"

एवढं बोलायलाही त्यांना मध्ये एकदा दम घ्यावा लागला होता. ते त्यांच्या लक्षात आलं नसावं. माझ्या आलं.

हे मूळचे दौलताबादचे. किल्ल्याच्या पायथ्याशी दिरांची शेती आहे, पेरू आणि सीताफळं होतात. ह्यांचा ओढा मात्र पहिल्यापासून गाड्यांकडे. लग्नानंतर आम्ही बजाजनगरात खोली घेतली. मला शाळेत नोकरी लागली आणि हे वाळूजमधल्या एका छोट्या वर्कशॉपचा टेम्पो चालवू लागले. एका कंपनीतून कच्चे लोखंडी पार्ट उचलायचे, वर्कशॉपमध्ये टाकायचे, घासूनपुसून झाले की दुसऱ्या कंपनीत पोचवायचे. पगार रोख हातात. बोलणं पहिल्यापासून बेताचं. शाळेत चाळीस मुलांचा गलका ऐकून घरी आलं की मला त्यांच्या गप्प बसण्याचं बरंच वाटायचं.

गॅस सुटला त्या दिवशी मी इथं नव्हते. चुलतबहिणीचा साखरपुडा होता म्हणून लेकीला घेऊन वैजापूरला माहेरी गेले होते. दुसऱ्या दिवशी परत आले तर गल्लीत सामसूम. नळाजवळच्या कढीपत्त्याची पानं पोळल्यासारखी पिवळी पडून गळाली होती. हे खाटेवर बसले होते. डोळे लालभडक, आवाज बसलेला.

"काय झालं?"

"काल जरा गॅस सुटला व्हता त्या औषधाच्या कंपनीतून. डोळे चुरचुरतेत. गुळाचं पाणी पिलोय, होईल कमी."

त्यांच्याकडून मला कळलं ते इतकंच. शेजारीपाजारी सांगायचे की टेम्पोवाल्यानं लोकांना दवाखान्यात पोचवलं. मी घरी विचारलं तर म्हणाले, "सगळेच धावत व्हते." पुढं वर्कशॉप बंद पडलं, मालक पुण्याकडं गेला, आम्ही पलीकडच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर बांधलं. हे दुसऱ्यांच्या गाड्या चालवू लागले. दर हिवाळ्यात खोकला यायचा. आधी आठवडाभर टिकायचा, मग महिनाभर, मग तो जाईचना. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्टिअरिंग सोडलं. क्लच दाबतानाही छाती भरून येते म्हणाले.

सरकारी दवाखान्यातल्या छातीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ह्यांना एका नळीत जोरानं फुंकायला लावलं. पुन्हा फुंका म्हणाल्या, मग आणखी एकदा. पडद्यावरची रेघ थोडी वर जायची आणि लगेच खाली बसायची.

"बिडी, सिगारेट?"

"नाय."

"कधीच नाही?"

"सुपारी खातो कधीमधी."

"कामाच्या ठिकाणी धूर, धूळ? पूर्वी कधी एखादा गॅस वगैरे नाकातोंडात गेला होता?"

"नाय," हे म्हणाले.

"गेला होता," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

तेव्हापासून माझ्या मनानं धरलं होतं, की हा त्रास त्या गॅसचाच. म्हणून रिक्षा येऊन गेल्यावर दोन दिवस मी काही बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर परस्पर समाजमंदिरात गेले.

तिथं सतरंजीवर माणसं बसली होती आणि टेबलामागं एक वकीलताई होत्या. खटला कितीतरी वर्षं चालला होता. आता कोर्टानं म्हटलं होतं की ज्यांचा आजार उशिरा उघडा पडला, त्यांचाही विचार करा. वकीलताईंनी माझ्याकडचे दवाखान्याचे कागद नीट पाहिले.

"आजाराचं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलंय, जुनी इजा आहे म्हणून. आता त्या सकाळी तुमचे मिस्टर तिथं हजर होते, हे दाखवावं लागेल. त्या काळातलं रेशनकार्ड?"

"ते दौलताबादचं आहे. एकत्र कुटुंबाचं होतं, आम्ही नाव काढलंच नव्हतं."

"भाडेकरार?"

"तोंडी."

"कामावरचा काही पुरावा?"

"वर्कशॉप बंद झालं. पगार रोख मिळायचा."

"त्या दिवशी दवाखान्यात नोंद?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बघा, कागदावर तुमचे मिस्टर त्या सकाळी दौलताबादला किल्ल्याखाली बसलेत. असे पुष्कळ जण आलेत माझ्याकडे. ज्यांची त्या दिवशी दवाखान्यात नोंद झाली अशा दोन माणसांनी समितीसमोर येऊन सांगितलं, की हे आमच्याबरोबर होते, तर चालतं. घरातलं माणूस चालत नाही."

"घरातलं माणूस तर तिथं नव्हतंच," मी म्हणाले.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ते चिडले. चिडले म्हणजे ताट बाजूला सारून उठले, तेवढंच.

"लोकांना दवाखान्यात नेलं, त्याची आता पावती मागत फिरू काय दारोदार? उपकार केल्यासारखं?"

"उपकाराचं कोण बोलतंय? तुमच्या छातीत गेलंय ते गेलं का नाही?"

"गेलं आसंल."

"मग तेवढंच सांगायचंय."

"नको. लई वर्षं झाली. ज्याचं त्याला." आणि ते ओट्यावर जाऊन बसले.

मी पण हट्टी आहे. माणूस माझ्याच घरात होतं आणि श्वासासाठी रात्रंदिवस झगडत होतं. ह्यांना न विचारता मी मोंढ्याच्या रस्त्याला बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींकडे गेले. मावशी तेव्हा आमच्याच गल्लीत टोकाच्या खोलीत राहायच्या. आता थोरल्या लेकीकडे राहतात, ती नर्स झाली आहे. मागं बाबासाहेबांचं चित्र लावलेली त्यांची हातगाडी बजाजनगरात सगळ्यांना माहीत आहे. भाव कमी करत नाहीत, पण कोथिंबिरीची काडी जास्तीची घालतात.

मी विषय काढला तशा त्या तराजू ठेवून माझ्याकडे बघतच राहिल्या.

"टेम्पोवाले भाऊ? अन् त्यांची नोंद नाय?" त्या म्हणाल्या. "बाई, नोंद आमची झाली ती त्यांच्यामुळं झाली!"

"मला काहीच माहीत नाही, मावशी. मी माहेरी होते. ते सांगत नाहीत."

मावशींनी मला गाडीमागच्या स्टुलावर बसवलं. गिऱ्हाइकं येत होती, त्यांना भाजी देत देत त्यांनी सांगितलं. थंडीचे दिवस, नुकतं उजाडलेलं. त्या पाटी भरून निघायच्या तयारीत होत्या. गल्लीत धुकं शिरल्यासारखं वाटलं, पण धुक्याला वास नसतो. ह्याला होता. मग डोळ्यांत कुणी मिरचीपूड फेकावी तसं झालं. धाकटी पोर कडेवर, थोरली हाताला, आणि पळावं म्हटलं तर छातीत हवा शिरत नव्हती. माणसं भिंतींना धरून चालत होती.

"तेवढ्यात टेम्पो मागं मागं येताना दिसला. गल्ली अरुंद, वळवायला जागा नाय. तोंडाला ओला टॉवेल बांधलेला, मान खिडकीबाहेर काढून गाडी मागं घेत भाऊ पार माझ्या दारापर्यंत आले. 'चढा, चढा, पाटी टाका.' मी म्हणलं, अवो माझी कोथिंबीर! तर त्यांनी पाटी हातातून हिसकून फेकली अन् पोरीला उचलून आत टाकलं. आमाला दवाखान्यात उतरवलं, अन् मी बघते तर गाडी पुन्यांदा वाळूजच्या दिशेनं. मी ओरडले, भाऊ, मरताल का! हात हलवला नुस्ता. तिथं आमी दुपारपर्यंत व्हतो. तीनदा आले का चारदा, देव जाणे. दर वेळी माणसं उतरवायचे अन् जायचे. डॉक्टर म्हणत व्हता, त्या ड्रायव्हरला थांबवा, त्याला बघायचंय. कोण थांबवणार?"

मी स्टुलावर बसून राहिले. एक बाई वांग्यांचा भाव विचारत होती आणि मावशी तिला सांगत होत्या. इतकी वर्षं मी ज्या माणसाच्या ताटात वाढत होते, त्याच्याबद्दल मला हे भाजीच्या गाडीमागं कळत होतं. मला रडू आलं नाही. ह्यांचा थोडा रागच आला.

"साक्षीला याल?" मी विचारलं.

"येते की. पण दुसरं कोण? ती खुलताबादची भाभी घ्या. तुमच्या शेजारच्या खोलीत राहायची ती, तिचा मालक कंपनीत व्हता, म्हातारा सासरा संगं. ती माझ्याच फेरीत व्हती टेम्पोत, दोन लेकरं घेऊन. आता खुलताबादला किराणा दुकान हाय त्यांचं, दर्ग्याच्या रस्त्याला. माझ्या पोरीच्या लग्नाला आली व्हती."

संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. मावशी तयार आहेत म्हटल्यावर ह्यांनी नको म्हटलं नाही. खुलताबादचं नाव काढलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

"तिथं नको."

"का पण?"

हे खाटेच्या दोरीत बोट घालून ती ओढत बसले. मग म्हणाले, "त्यांचा म्हातारा गेला त्या दिवशी."

"कोण म्हणालं?"

"म्या नेलं ना त्याला." आणि मग त्यांनी सांगितलं. थांबत थांबत, श्वास घेत घेत. पहिल्या फेरीला बाया आणि लेकरं भरली. म्हातारबाबा ओट्यावर बसलेले होते, त्यांना चालता येत नव्हतं, उचलून घ्यायला वेळ लागला असता आणि गाडीत जागाही उरली नव्हती. "म्या त्याला म्हणलं, बाबा, थांबा, मी परत येतो. त्यानं मान हलवली. पुढच्या फेरीला मधीच माणसं आडवी आली, रस्त्यात पडलेली. त्यांना सोडून म्हाताऱ्यापर्यंत कसं जाणार? त्यांना नेलं. मंग शेवटच्या फेरीला गेलो तवा तो तिथंच व्हता. आडवा झालेला. पोत्यावर घालून आणला. दवाखान्यात स्ट्रेचरवर घेतला अन् तोंडावर कपडा टाकला त्यांनी. म्या बघितलं."

"मग?"

"मंग काय? आलो घरी."

त्यानंतर त्या शेजाऱ्यांनी खोली सोडली होती. सामान न्यायला कुणी नातेवाईक आला होता, हे मलाही आठवत होतं. ह्यांनी त्या घराचं नाव कधी काढलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं.

"थांब म्हणलं व्हतं मी त्याला," ते पुन्हा म्हणाले.

मी त्यांच्याशेजारी खाटेवर बसले. मी एवढंच म्हणाले, की साक्षीचं राहू द्या, पण भाभींना भेटून यायला हवं. इतकी वर्षं मनात धरून ठेवलंत, एकदा त्यांच्यासमोर बोला. हे हो म्हणाले नाहीत. पण रविवारी सकाळी न सांगता इस्त्रीचा शर्ट घालून बसले.

आम्ही एसटीनं गेलो. दौलताबादवरून जाताना त्यांनी सवयीनं मान वळवून दिरांचं शेत पाहिलं. घाट चढताना कानाला थंड हवा लागते, तिथं त्यांनी मफलर गुंडाळला. खुलताबादला उतरल्यावर वेशीतून आत थोडा चढ आहे. त्या चढाला आम्ही पुष्कळदा थांबलो. एका फुलवाल्यानं त्यांना बसायला बाकडं दिलं आणि दुकानाचा पत्ताही नीट सांगितला.

दुकानात भाभीच होत्या. केस पांढरे झाले होते, पण मी ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. माझ्यामागं दाराला हात टेकून उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे मात्र त्या बघतच राहिल्या.

"टेम्पोवाले भाई?"

ह्यांनी मान हलवली.

"या अल्ला! आओ, अंदर आओ. बसा, आधी बसा तुम्ही. कित्ता धाप लागलाय."

दुकानामागं घर होतं. त्यांनी पाणी दिलं, पंखा लावला. हे पाण्याचा पेला हातात धरून बसले, प्यायले नाहीत. मी सुरुवात करायच्या आत तेच बोलले.

"भाभी, तुमच्या बाबांना मला लवकर न्यायला पायजे व्हतं. मी थांबा म्हणलं अन् लई उशीर केला."

भाभींना कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "ह्यांनी त्यांच्या तोंडावर कपडा टाकलेला पाहिला होता. तेव्हापासून ह्यांना वाटतंय..."

"कपडा? वो तो आँखों पे गीला कपडा था!" भाभी म्हणाल्या. "सगळ्यांच्या डोळ्यांवर टाकत होते तिथं. अब्बा तो उसके बाद भौत बरस रहे, भाई! माझ्या दोन्ही लेकरांची लग्नं बघितली. आखिर में तो इत्ता सताए मेरेकू, चाय में शक्कर कम है बोल के भांडायचे रोज."

ह्यांनी हातातला पेला मांडीवर टेकवला.

"आणि तुमचं सांगायचे ना सगळ्यांना. दुकानात कोणी बसलं की सुरू. वो बच्चा थांबा बोल के गया, और आया. गाँव में लोग बोलते, अभी आता हूँ, और नहीं आते. वो आया. पच्चीस दफा सुने हम लोग." त्या हसल्या, आणि हसता हसता ह्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं तशा थांबल्या. "भाई, तुम समझे थे अब्बा उसी दिन...? आणि इतकी वर्षं आला नाहीत विचारायला?"

"हिंमत झाली नाय," हे म्हणाले.

मग ते पाणी प्यायले. पेला खाली ठेवला आणि दोन्ही तळहातांनी चेहरा पुसला, दाढी झाल्यावर पुसतात तसा. भाभी उठून चहा टाकायला गेल्या. मी पण त्यांच्यामागं आत गेले, ह्यांना थोडा वेळ एकटं बसू द्यावं म्हणून. चुलीशी उभं राहून भाभींनी मला सांगितलं की अब्बांचे डोळे शेवटपर्यंत अधू राहिले, खोकलाही गेला नाही. त्यांचा दावा आधीच मंजूर झाला होता, कारण नोंद होती. भाभींना स्वतःला आजही फोडणीचा ठसका सोसत नाही. मी साक्षीचं विचारलं.

"पूछने की बात है? कधी यायचं तेवढं सांगा."

निघताना त्यांनी आम्हाला साखर बांधून दिली. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. उतारावरून स्टँडकडे येताना हे एकदाही थांबले नाहीत. उतारच होता म्हणा. गाडीत बसल्यावर मात्र ते आपणहून बोलायला लागले. म्हातारबाबा कसे ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारायचे, एकदा टेम्पोत पुढं बसून कसे शहागंजपर्यंत आले होते. दौलताबाद मागं पडलं तरी त्यांचं सांगणं चाललं होतं. मी फक्त हं हं करत होते.

समितीपुढची तारीख उन्हाळ्यात मिळाली. शहरातल्या एका सरकारी इमारतीत, वरच्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती. मावशी आणि भाभी दोघी आधीच येऊन जिन्यात बसल्या होत्या, डबा उघडून एकमेकींना लोणचं देत होत्या. ह्यांना वर न्यायला आम्हाला बराच वेळ लागला. वकीलताईंनी आत जाऊन सांगितलं, की येतायत, थोडं थांबा.

समितीचे साहेब निवृत्त न्यायाधीश होते. आवाज मऊ, पण प्रश्न कसून विचारत होते. भाभींनी शांतपणे सांगितलं. मावशींनी कोथिंबिरीच्या पाटीपासून सुरुवात केली, तेव्हा साहेब म्हणाले, "मुद्द्याचं सांगा." मावशी म्हणाल्या, "साहेब, तोच मुद्दा हाय. दुसरा कोणी असता तर मला पाटी घेऊ दिली असती, अन् मी आज इथं नसते." साहेबांनी टंकलेखकाला ते जसंच्या तसं घ्यायला सांगितलं.

मग ह्यांची पाळी आली.

"तुमच्या दारातून तुम्ही सरळ हमरस्त्याला लागू शकत होता?"

"व्हय. गाडी गल्लीच्या तोंडालाच उभी व्हती."

"दवाखान्यात पोचलात तेव्हा तुम्हाला त्रास होत होता?"

"डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. छातीत जळत व्हतं."

"मग स्वतःला दाखवलं का नाही? परत का गेलात?"

हे विचारात पडले. मला वाटलं, आता म्हणतील, सगळेच धावत होते. पण ते म्हणाले, "गाडी रिकामी झाली व्हती ना, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. थोड्या वेळानं म्हणाले, "लिहून घ्या." मग टंकलेखकाची बोटं चालू लागली.

निकाल पावसाळा संपता संपता आला. दावा मंजूर झाला, पण भरपाईच्या वरच्या गटात नाही, मधल्या. ह्यांच्या फुप्फुसाला झालेली सगळीच इजा गॅसमुळे झाली असं म्हणता येत नाही, वयाचाही भाग आहे, असं त्यात होतं. वकीलताई अपील करू म्हणाल्या. हे म्हणाले, "नको. हजर व्हतो एवढं मानलं ना त्यांनी? बास." तपासण्या आणि औषधं आता मोफत मिळतात. मिळालेल्या रकमेतून आम्ही श्वासाचं यंत्र घेतलं, ते खाटेशेजारी असतं. आजार काही मागं हटलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला ते स्वच्छ सांगितलं आहे, आणि आम्ही ते धरून चाललो आहोत. थंडीचे दोन-तीन महिने कठीण जातात. बाकीचं वर्ष बरं जातं. सीताफळांच्या दिवसांत दिरांकडची पाटी आली की हे त्यातली निवडून बाजूला काढतात आणि खुलताबादच्या गाडीत कुणाबरोबर तरी पाठवतात. भाभींचा फोन येतो, फळं मिळाली म्हणून. मग दोघं तब्येतीचं बोलतात.

मी या वर्षी निवृत्त झाले. शनिवारी समाजमंदिरात जाऊन बसते. अजून पुष्कळ माणसं आहेत, ज्यांच्याकडे काही नाही. ठेकेदाराकडे असलेली, दुसऱ्याच्या खोलीत तिसऱ्याच्या नावानं राहिलेली, परराज्यातून येऊन परत गेलेली. त्यांचं म्हणणं वकीलताईंसाठी मी मराठीत नीट मांडून देते. लोकांना सुरुवात कुठून करावी कळत नाही. काही जण एकदम कोर्टाच्या भाषेत बोलायला जातात आणि अडखळतात.

तब्येत बरी असली की हे माझ्याबरोबर येतात आणि दाराशी खुर्ची टाकून बसतात. गेल्या शनिवारी एक माणूस आला, माझ्याच वयाचा, कंत्राटी कामगार होता तेव्हा. खूप वेळ नुसता घाम पुसत राहिला. "मी होतो तिथं, पण कुणी बघितलं नाही मला," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. ह्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"गल्लीच्या कोणत्या तोंडानं बाहेर पडला तुम्ही? पाण्याच्या टाकीच्या का पिठाच्या गिरणीच्या?"

"गिरणीच्या."

"गिरणी चालू व्हती का तवा?"

माणूस थांबला. "नाही. पण दार उघडं होतं. आत एक म्हातारी पिठाच्या डब्यावर बसली होती. तिला मी हाताला धरून काढलं."

"मंग तिनं बघितलं की तुम्हाला," हे म्हणाले. आणि टेबलावर बोटानं गल्ली काढायला लागले. इथं गिरणी, इथं नळ, इथं वळण. तो माणूसही वाकून आपलं बोट त्यात घालू लागला. नाही, वळण अलीकडे होतं. हां, बरोबर, अलीकडेच. मी पेन हातात घेतलं होतं, ते खाली ठेवलं आणि आधी दोघांचं बोलणं होऊ दिलं.